श्रीलंका चीनमुळे बुडाली?

जागतिक मंदी आणि वाढत्या कर्जाचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: ‘चीनने श्रीलंकेला कर्जाच्या सापळ्यात अडकवलं आणि हंबनटोटा बंदर जप्त केलं.’ व्याख्यानांत, वाहिन्यांवर, व्हॉट्सॲपवर हे इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. कारण त्यामुळे खरा धडा बाजूलाच राहतो.

आधी बंदर. २०१७ मध्ये श्रीलंकेने ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका चिनी कंपनीला दिलं आणि १.१२ अब्ज डॉलर घेतले. यात जप्ती कुठे आली? बंदर बांधायला काढलेलं चिनी कर्ज या पैशातून फिटलंही नाही. ते सरकारच्या डोक्यावर तसंच राहिलं. आलेले डॉलर परकीय गंगाजळीत गेले, कारण दुसऱ्यांची देणी तोंडावर आली होती.

हे दुसरे कोण? श्रीलंका सरकारचीच एप्रिल २०२१ची आकडेवारी पाहा. विदेशी कर्जात चीनचा वाटा सुमारे १० टक्के, जपानचाही तेवढाच; बाजारातून उचललेलं कर्ज मात्र ४७ टक्के. सरकारी कंपन्यांची कर्जं धरली, तर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या अभ्यासाप्रमाणे चीनचा वाटा २० टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे चीन मोठा सावकार होताच, पण त्याहून मोठं ओझं डॉलरमधल्या रोख्यांचं होतं. मुदत संपली की त्यांचं मुद्दल एकरकमी मोजावं लागतं.

त्यासाठी डॉलर हवेत. २०१९ च्या अखेरीस सरकारने व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला आणि महसूल घटला. पतमानांकन घसरलं, नवे रोखे कोणी घेईना. कोविडने पर्यटन बसलं, युक्रेन युद्धाने इंधन भडकलं. मार्च २०२२ मध्ये कागद आणायला डॉलर नाहीत म्हणून पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. १२ एप्रिलला सरकारने विदेशी कर्जफेड थांबवल्याचं जाहीर केलं.

आणखी काही गैरसमज:

‘नोटा छापून कर्ज फेडता येतं.’ रुपये छापता येतात, डॉलर नाही. श्रीलंकेने नोटा छापल्याच होत्या. सप्टेंबर २०२२ मध्ये महागाई ७० टक्क्यांच्या घरात गेली.

‘कर्ज जीडीपीपेक्षा जास्त म्हणजे दिवाळं.’ जपानचं २०० टक्क्यांहून जास्त आहे. पण ते येनमध्ये, आणि बहुतांशी देशातूनच घेतलेलं.

‘उद्या भारताचीही श्रीलंका होणार.’ केंद्राचं बहुतेक कर्ज रुपयांत आणि देशांतर्गत आहे. व्याजाचा बोजा मात्र जड आहे; काळजी त्याची करावी.

जागतिक बँकेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये विकसनशील देशांनी विदेशी कर्जफेडीपोटी १.४ लाख कोटी डॉलर मोजले. त्यातले ४०६ अब्ज निव्वळ व्याजाचे. अनेक गरीब देशांत हा पैसा शाळा-दवाखान्यांच्या वाट्यातून जातो. तेव्हा कर्ज कोणाचं, एवढ्यावर थांबू नका. ते कोणत्या चलनात आहे, कधी फेडायचं आहे आणि कोणत्या कमाईतून, हे विचारा.