कन्सोलनिष्ठा आणि त्रयस्थ निर्माते

एखाद्या कन्सोलविषयी चाहत्यांना वाटणारी निष्ठा त्यावरील त्रयस्थ निर्मात्यांच्या व्हिडिओ खेळांनाही लाभते, असे सामान्यतः समजले जाते. ही समजूत तपासून पाहणे इष्ट होय.

‘फायनल फॅन्टसी’ मालेतील पहिले सहा मुख्य खेळ निन्टेन्डोच्या यंत्रांवर अवतरले. सातवा मात्र १९९७ साली सोनीच्या प्लेस्टेशनवर आला. निन्टेन्डो ६४ च्या कार्ट्रिजमध्ये फार तर ६४ मेगाबाइट मजकूर मावे व तिचा उत्पादनखर्चही अधिक असे. प्लेस्टेशनची तबकडी स्वस्त असून तीत सुमारे दसपट जागा होती. या सातव्या खेळास अशा तीन तबकड्या लागल्या. पुढे प्लेस्टेशनचा खप १० कोटींवर गेला. निन्टेन्डो ६४ सुमारे ३ कोटी २९ लाखांवर थांबले. तथापि निन्टेन्डोच्या स्वतःच्या ‘सुपर मारिओ ६४’ च्या सुमारे १ कोटी १९ लाख प्रती खपल्या. म्हणजे निष्ठा आटली नव्हती. ती मूळ निर्मात्याच्या खेळांपुरती होती.

त्रयस्थ निर्माता ग्राहकसंख्या पाहतो, तर ग्राहक खेळांची विविधता पाहतो. एकाने पाठ फिरविली की दुसराही दुरावतो. म्हणून यंत्राचा नुसता कैवार घेऊन भागत नाही. त्यावरील परके खेळ विकत घेतले जाणे, हाच त्रयस्थ निर्मात्यास खरा आधार होय.