पैसे कटले, पण दुकानदाराला पोचलेच नाहीत

आज एका कार्डाची गोष्ट सांगते. कार्ड नसेल, नुसता अंगठा लावून पैसे काढत असाल, तरी ऐका. तुमच्याही कामाची आहे.

गेल्या जूनमध्ये आमच्या गटातली एक ताई बारा तारखेला तालुक्याला बियाणं आणायला गेली. मृगाचा पाऊस झालेला, रानाला वापसा आलेला, दोन दिवसांत पेरणी उरकायची होती. खात्यावर ३,४१२ रुपये होते. बियाणं आणि खत मिळून बिल झालं २,८५०. दुकानदाराने कार्ड मशीनला लावलं, हिने पिन टाकला. मशीन बराच वेळ घुटमळलं आणि चिठ्ठी आली, व्यवहार झाला नाही. दुकानदार म्हणाला, “ताई, परत एकदा मारू का?” ही म्हणाली, “मारा.” दुसऱ्यांदाही नाहीच. तेवढ्यात मोबाइल वाजला. खात्यातून २,८५० वजा, शिल्लक ५६२.

दुकानदार म्हणाला, माझ्याकडे आले नाहीत. बँकेचा मेसेज म्हणत होता, आम्ही दिले. मधल्या मधे ही बिचारी रिकामी पिशवी घेऊन एसटीत बसली. घरी आल्यावर नवऱ्याची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

खोटं कोणीच बोलत नव्हतं. कार्ड मशीनला लावलं की निरोप दुकानदाराच्या बँकेकडे जातो, तिथून रुपेसारख्या जाळ्यातून आपल्या बँकेकडे. आपली बँक खात्यात पैसे आहेत का बघते, कापते आणि ‘दिले’ असा निरोप त्याच वाटेने परत पाठवते. त्या परतीच्या वाटेवर रेंज गेली, लाइट गेली किंवा एखाद्या बँकेचं सर्व्हर बसलं, की मशीन वाट बघून थकतं आणि ‘झालं नाही’ म्हणतं. पैसे मात्र आपल्या खात्यातून निघालेले असतात. ते बुडत नाहीत, वाटेत अडकतात. दोन्हीकडच्या बँका हिशेब जुळवतात, तेव्हा ते परत आपल्या खात्यात येतात.

म्हणून मशीन एकदा नाही म्हणालं की लगेच दुसऱ्यांदा मारू द्यायचं नाही. मेसेज येईपर्यंत थांबा, नाहीतर शिल्लक बघा. या ताईच्या खात्यात दुसऱ्या वेळेपुरते पैसे उरलेच नव्हते, म्हणून वाचली. ६,००० असते तर दोनदा कटायची भीती होती.

हीच गोष्ट अंगठ्याची. बँकमित्राकडे अंगठा लावला, तो म्हणाला, “फेल झालं मावशी, परत लावा.” खरंच फेल झालेलं असतं, पण कधी कधी पहिल्याच वेळी पैसे निघालेले असतात आणि ते मावशीच्या हातात येत नाहीत. सगळे बँकमित्र तसे नसतात, आमच्या गावचा तर फार सरळ माणूस आहे. तरी फेल झाल्याचीही पावती मागायची. तो कंटाळला तर कंटाळू दे. आणि दुसरा अंगठा लावण्याआधी शिल्लक विचारायची.

आता नियम सांगते, तो पाठ करा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये सगळ्या बँकांना लेखी सांगितलंय. दुकानात कार्डाने, एटीएममध्ये किंवा अंगठ्याने व्यवहार फसला आणि खात्यातून पैसे कटले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते परत जमा झाले पाहिजेत. नाही झाले, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे, तेही तक्रारीची वाट न बघता. मोबाइलवरून यूपीआयने दुसऱ्या माणसाला पाठवलेले पैसे त्याला पोचले नाहीत, तर मुदत एकच दिवसाची. यूपीआयने दुकानात दिले असतील तर पाच.

हा नियम मशीनच्या किंवा बँकेच्या चुकीसाठी आहे. खात्यात पैसेच नव्हते, पिन चुकला, पैसे चुकीच्या नंबरवर गेले, यात तो चालत नाही. उलट खात्यात पैसे नसताना दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये कार्ड घातलं, तर बऱ्याच बँका दर वेळी वीस-पंचवीस रुपये आणि वर जीएसटी कापतात. पण एटीएममध्ये नोटा नव्हत्या किंवा मशीन बिघडलं, तर ती खेप तुमच्या महिन्याच्या फुकटच्या खेपांमध्ये धरता येत नाही.

आता ताईने काय केलं? पहिलं म्हणजे चिठ्ठी टाकली नाही. त्या चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि व्यवहाराचा नंबर असतो. शाई महिन्याभरात उडते, म्हणून तिने मुलाकडून फोटो काढून घेतला. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करून तक्रार नोंदवली, तक्रारीचा नंबर वहीत लिहिला. नंबर कार्डावरचाच किंवा पासबुकावरचाच घ्यायचा, मोबाइलवर शोधून नाही. तिथे भामटे बँकेच्या नावाने आपले नंबर लावून बसलेले असतात. पैसे परत करतो म्हणून कोणी पिन किंवा ओटीपी मागितला, तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही. चुकून सांगितलाच, तर आधी बँकेला कळवून कार्ड बंद करा आणि लगेच १९३० ला फोन लावा.

पेरणी मात्र पाच दिवस थांबत नाही. गावात शेकडा दहा रुपये महिन्याने देणारा एक जण आहेच, आणि घाईत पाय तिकडेच वळतात. ताई संध्याकाळी गटाच्या अध्यक्षांकडे गेली. सगळ्या जमल्या, चिठ्ठी बघितली, ठराव लिहिला आणि ३,००० रुपये शेकडा दोनने दिले. महिन्याचं व्याज ६०. तिथे तेच ३०० झालं असतं. तेरा तारखेला बियाणं घरात आलं.

सतरा तारीख उलटली तरी पैसे आले नाहीत. अठराला आम्ही दोघी शाखेत गेलो. अर्ज साध्या वहीच्या कागदावर लिहिला होता. सावकाश वाचते, लिहून घ्या. “मा. शाखा व्यवस्थापक यांस. माझा खाते क्रमांक अमुक. दिनांक १२ जूनला अमुक दुकानात कार्डाने २,८५० रुपये कटले, परंतु व्यवहार पूर्ण झाला नाही. व्यवहार क्रमांक अमुक, तक्रार क्रमांक अमुक. रक्कम आणि पाच दिवसांनंतरच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे जमा करावेत.” खाली सही, मोबाइल नंबर, सोबत चिठ्ठीची झेरॉक्स. मूळ चिठ्ठी द्यायची नाही. दोन प्रती न्यायच्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायची. खिडकीवरचे साहेब म्हणाले, “येतील हो, अर्ज कशाला?” ताई काही बोलली नाही, प्रत पुढे धरून उभी राहिली. शिक्का मिळाला.

बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. १४४४८ या नंबरवर कशी करायची ते सांगतात. तिथेही आधी बँकेला केलेल्या तक्रारीचा पुरावा लागतो, म्हणून ती पोच जपायची.

ताईला तिथवर जावं लागलं नाही. एकवीस तारखेला २,८५० जमा झाले. वरचे चार दिवसांचे ४०० मात्र आले नव्हते. नियमात ते आपोआप यायला हवेत, पण आले नाहीत. ती पोच घेऊन पुन्हा गेली आणि आठवड्याभरात तेही आले. त्यातले ६० गटाच्या व्याजात गेले. अर्जाची एक प्रत आता गटाच्या फायलीत लावलेली आहे. त्यानंतर तिघींनी ती उतरवून नेली.