पायऱ्या पाडा, पण वरची माती सांभाळा



पुण्याच्या महात्मा फुले मंडईत पुरंदरचे अंजीर, सीताफळ, वाटाणा पाहिला की आपल्यापैकी अनेकांना वाटते, आपल्याही डोंगराकडच्या पडीक रानात असे काही पिकवावे. विचार चांगला आहे. मग मशीन येते, दोन दिवसांत उतार कापून पायऱ्या तयार होतात आणि पुढच्या हंगामात आमच्याकडे तक्रार येते, "साहेब, निम्मं रान पिवळं पडलंय. खत तर भरपूर टाकलं!"

याचे कारण असे. उतारावर चांगली माती बहुधा वीतभरच असते. पायरी पाडताना डोंगराकडची बाजू खणून ती माती बांधाकडे भरली जाते. आतल्या बाजूस मुरूम उघडा पडतो आणि सुपीक थर भरावाखाली गाडला जातो. सेंद्रिय कर्ब, जिवाणू, गांडुळे, मुळांना स्फुरद मिळवून देणारी बुरशी, सारे त्या थरातच असते. मुरमात त्यांना खायला काही नाही. नुसत्या युरियाने ही वस्ती परत येत नाही.

म्हणून पायऱ्या वाईट, असे नव्हे. उघड्या उतारावरची माती दर पावसाळ्यात ओढ्याला जाते. पायरीवर पाणी थांबते, मुरते, माती जागेवर राहते. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम भागातील आदिवासी शेतकरी एकमेकांच्या रानात राबून भातखाचरे काढतात. त्याला ते 'पडकई' म्हणतात. काम सावकाश होते, पण टिकते.

आम्ही सुचवितो की,

१) आधी वरची वीतभर माती खरडून बाजूला ढीग करावा, पायरी झाल्यावर ती सगळीकडे सारखी पसरावी.

२) बांधाला दगडी ताल घालावी, वर गवत लावावे. जादा पाण्याला आतल्या बाजूने चर ठेवावा.

३) पहिल्या पावसाळ्यात ताग पेरून फुलोऱ्यात गाडावा. शेणखत, प्रेसमड आतल्या बाजूस जास्त द्यावे. पुढे हुलगा, मटकी घ्यावी.

४) माती परीक्षणासाठी आतल्या व बांधाकडच्या बाजूचे नमुने वेगळे काढावेत.

पहिल्याच वर्षी तिथे ऊस लावण्याची घाई नको. पावसाळ्यात एक खोरे माती उलटून पाहा. गांडुळे दिसू लागली की समजावे, रान जिवंत होऊ लागले. मशीन बोलावण्याआधी आपल्या गटाच्या कर्मचाऱ्यास जरूर भेटावे.