आठ ते आठ

पहाटे साडेपाच. चुलीवर पहिलं पातेलं पाण्याचं, चहा नंतर. पोटात उजव्या कुशीला आईची किडनी आहे, त्यामुळे बोअरचं पाणी तसंच पिता येत नाही. गाळून, उकळून, निववून मगच. मग वहीत ताप, वजन, बीपी. आमच्या उमापुरात या वेळी शेतावर निघणाऱ्यांची लगबग असते. मालकांचा डबा भरते. मी मात्र अजून काही खाल्लेलं नसतं. गोळी उपाशीपोटी घ्यायची असते.

आठ. मोबाइल वाजतो.

"घेतली का गं?"

"घेतली, आई."

टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन. टॅक्रोलिमस सकाळी आठला आणि रात्री आठला, घड्याळ लावून. 1984 साली जपानात त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूत ते सापडलं. मातीतून आलेल्या त्या औषधावर आईची किडनी माझ्यात तगून आहे.

नऊला भाकरी खाऊन मशीनवर बसते. पहिले दोन-तीन तास बोटं थरथरतात. रक्तात औषध चढतं तेव्हा असं होतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून सकाळी फक्त परकर, उशांचे अभ्रे, सरळ शिवण. सुईत दोरा ओवायला गेले की टोक नेढ्याच्या आजूबाजूला फिरत राहतं. दोरा ओठांत ओला करते, कोपर मशीनच्या फळीवर टेकवते, श्वास रोखते, मग एकदाचा जातो. डाव्या मनगटात डायलिसिसच्या वेळचा फिस्टुला, रक्तवाहिन्यांचा तो जोड, अजून घरघरतो. कापड सरकवताना ती घरघर मला जाणवते.

ऊसतोडीला निघालेल्या बायका पोराबाळांचे कपडे शिवायला टाकून जातात. त्यांच्यात एखादीला सर्दी असली तर मी मास्क वर ओढते आणि त्यांना ओट्यावरच बसवते. त्यांना वाईट वाटतं, मला त्याहून जास्त. पण या गोळ्या शरीराच्या सगळ्याच पहारेकऱ्यांना गुंगीत ठेवतात. आईच्या किडनीवर धावून जाणारा पहारेकरी झोपतो, तसा साध्या जंतूला अडवणाराही झोपतो. सगळा घोळ इथेच आहे.

दुपारी दोन. भाऊ डोकावून गेला, त्याचा पोरगा थांबला. डी. फार्म. करतोय. मागच्या खेपेला मी त्याला विचारलं होतं, आईचीच किडनी मला परकी कशी? तो म्हणाला होता, "आत्या, आजीचं निम्मंच तुझ्यात आलं. जे निम्मं आलं नाही, ते तुझ्या शरीराला अनोळखी." त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. 1954 साली बोस्टनला पहिली यशस्वी किडनी बसली ती हुबेहूब जुळ्या भावाची, म्हणून तिथे अनोळखी काही नव्हतंच.

आज त्याने पुढचं सांगितलं. इंग्लंडात मेडावार नावाच्या शास्त्रज्ञाने 1953 मध्ये दाखवलं की उंदराला जन्माआधीच दुसऱ्या उंदराच्या पेशी टोचल्या, तर मोठेपणी त्याच्या अंगावर त्या दुसऱ्याच्या कातडीचं ठिगळ टिकतं. ओळख शिकवता येते! 1960 चं नोबेल त्यासाठी मिळालं. पण मोठ्या माणसाला आता ती ओळख कशी शिकवायची?

"पोटातला टाका आपोआप विरघळला होता ना?" त्याने विचारलं. हो. मी शिवणारी बाई, दोरा विरघळतो याचंच मला तेव्हा नवल वाटलं होतं. त्याच जातीच्या पदार्थाचे कण करतात, केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहून बारीक. त्यांत दात्याच्या पेशींतली प्रथिनं भरून शिरेतून सोडायची. प्लीहा आणि यकृत रोज मेलेल्या पेशी गुपचूप झाडून काढतात, कुठेही आरडाओरड न करता. हे कणही त्या कचऱ्यासारखेच उचलले जातात, आणि सोबतच्या प्रथिनांवर बोंब मारायची नाही, असा निरोप पहारेकऱ्यांना पोचतो. बाकीचा पहारा जागाच राहतो. अमेरिकेत उंदरांमध्ये स्वादुपिंडाच्या परक्या पेशी अशाने तगल्या, सोबत रॅपामायसिन हे पहारेकऱ्यांना गुंगवणारं औषध थोडं दिलं तेव्हा जास्त. गव्हातलं ग्लुटेन न सोसणाऱ्या माणसांना ग्लुटेन भरलेले कण दिले, तर त्यांच्या शरीराचा ग्लुटेनवरचा राग उतरला. किडनी बसवलेल्या माणसाच्या गोळ्या सोडवणारा कण मात्र अजून दवाखान्यात आलेला नाही. पोराने हे मला तोंडावर सांगितलं, आणि तेच बरं केलं. खोट्या आशेवर डोस चुकवून किडनी गमावलेली माणसं मी डायलिसिसला परत आलेली पाहिली आहेत.

पण एवढं मला हवंय. सगळ्यांना झोपवू नका, फक्त आईची ओळख करून द्या.

पाच वाजता हात स्थिर होतात. हीच माझी खरी वेळ. लग्नातल्या ब्लाउजांचे हुक, काज, गळ्याची पायपिंग. साडेसातपर्यंत मान वर करत नाही.

शेवटी आईचा परकर घेते. तिच्या डाव्या कुशीवर आडवा व्रण आहे, नाडी तिथे काचते. म्हणून तिचा नेफा मी रुंद ठेवते, मऊ सुती पट्टी आतून लावते आणि त्या बाजूला गाठ येणार नाही असं तोंड पुढे काढते. दाम मागितले नाहीत म्हणून ती दरवेळी रागावते.

फोन वाजतो. आठ.

"घेतली का गं?"

"घेते. तुझा परकर झालाय."