नाव मनिलाचे, रान बंगळूरचे

बंगळूरच्या लालबागेत किंवा कब्बन उद्यानात दिवस मावळण्याच्या सुमारास डोक्यावरून हिरव्या पक्ष्यांचे थवे वेगाने जाऊ लागतात. आधी त्यांचा कर्कश किलकिलाट कानी येतो आणि मान वर करीपर्यंत थवा पर्जन्यवृक्षांच्या शेंड्यांपलीकडे नाहीसाही झालेला असतो. हा पक्षी कोणता, असे विचारण्याचे कुणाला कारण पडत नाही. कन्नड माणूस त्याला गिळि म्हणतो. शहाजीराजांच्या जहागिरीपासून या शहराशी नाते असलेला मराठी माणूस त्याला पोपट म्हणतो, राघू म्हणतो. पक्षिशास्त्राच्या ग्रंथांत मात्र त्याच्यापुढे तीन शब्दांचे एक लांबलचक नाव लिहिलेले आढळते : सिटॅक्युला क्रामेरी मनिलेन्सिस. या नावातील शेवटच्या शब्दाचा अर्थ आहे ‘मनिलाचा’. मनिला हे फिलिपाइन्सचे राजधानीचे शहर. आणि फिलिपाइन्सच्या रानात हा पोपट मूळचा कधीच नव्हता. ज्या देशाशी त्याचा संबंध नाही त्या देशाचे बिरुद त्याला दोनशेहून अधिक वर्षे चिकटून राहिले आहे, आणि ते काढून टाकावे असे कोणाही जाणत्या शास्त्रज्ञाला वाटत नाही.

असे का, हे कळण्यासाठी त्या तीन शब्दांची फोड करून पाहावी लागेल. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आपल्याकडील आडनावासारखा. लॅटिन भाषेतील त्याचा अर्थ ‘लहानसा पोपट’. दुसरा शब्द जातीचा. नावे अशी दोन शब्दांत बांधण्याची पद्धत स्वीडनच्या लिनियसने रूढ केली आणि त्याच्या ग्रंथाची १७५८ साली निघालेली दहावी आवृत्ती ही प्राण्यांच्या नामकरणाची सुरुवात मानली जाते. क्रामेरी हे नाव स्कोपोली नावाच्या वैद्याने १७६९ मध्ये दिले. ते क्रामर या निसर्गशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ आहे. गंमत अशी की, ज्याला आपण अस्सल भारतीय समजतो त्या पक्ष्याच्या या जातीचे मूळ स्थान म्हणून शास्त्राने आफ्रिकेतील सेनेगल हा देश धरला आहे. सेनेगलपासून युगांडाच्या आसपासपर्यंत त्याची एक उपजात राहते आणि सुदानपासून सोमालियाकडे दुसरी. उरलेल्या दोन आपल्या उपखंडातील.

तिसरा शब्द या उपजातींसाठी असतो. एकाच जातीचे पक्षी दूरदूरच्या मुलखांत पिढ्यान्‌पिढ्या राहिले म्हणजे त्यांच्या रंगात, आकारात, चोचीत थोडाथोडा फरक पडत जातो. एकत्र आले तर ते जोडी करतील, अंडी घालतील. म्हणून त्यांना वेगळ्या जाती म्हणता येत नाही. परंतु फरक स्पष्ट असेल आणि तो विशिष्ट प्रदेशाशी निगडित असेल, तर त्याची नोंद राहावी म्हणून तिसरे नाव देतात. उपजात म्हणजे एका अर्थी पक्ष्याच्या अंगावर लिहिलेला भूगोलच होय. आणि नेमक्या त्या भूगोलाच्या शब्दातच येथे मनिला येऊन बसावी, हा प्रकार मोठा चमत्कारिक आहे.

मनिलेन्सिस हे नाव बेखस्टाइन या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १८०० साली दिले. पिंजऱ्यात पाळल्या जाणाऱ्या पक्ष्यांविषयीच्या त्याच्या ग्रंथामुळे तो युरोपभर ओळखला जात असे. त्या काळी पूर्वेकडील पोपट युरोपात पोहोचत ते व्यापाऱ्यांच्या आणि खलाशांच्या हातून. पक्षी कोणत्या रानात धरला गेला याची माहिती पहिल्या विक्रीतच हरवे आणि पुष्कळदा ज्या बंदरातून तो आला ते बंदरच त्याचे गाव म्हणून सांगितले जाई. विकणाऱ्याला पक्ष्याच्या मूळ रानाशी काय कर्तव्य! अशा सांगोवांगीच्या पत्त्यांवरून ठेवलेली नावे शास्त्राच्या ग्रंथांत एक-दोन नव्हे, कितीतरी आहेत.

मग ती दुरुस्त का करीत नाहीत? कारण नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी नावाकडून अर्थाची अपेक्षाच ठेवलेली नाही. आधी दिलेले नाव ग्राह्य, हा त्यांचा पाया. आणि नाव अन्वर्थक नाही एवढ्याच कारणासाठी ते टाकून देता येत नाही, असेही त्यांत स्पष्ट म्हटले आहे. लिनियसने एका स्वर्गीय पक्ष्याला ‘बिनपायांचा’ असे नाव दिले, कारण युरोपात येणाऱ्या त्याच्या कातड्यांचे पाय आधीच कापलेले असत. त्या पक्ष्याला दोन चांगले धडधाकट पाय आहेत आणि नाव मात्र अजून तेच आहे. प्रत्येक पिढीने आपापल्या ज्ञानाप्रमाणे नावे सुधारावयाची ठरवली, तर शंभर वर्षांपूर्वीचा ग्रंथ आजच्या अभ्यासकाला उलगडणार नाही. आपल्याकडे दगडू नावाचा मनुष्य फुलासारखा कोमल असला म्हणून सातबाऱ्यावरचे नाव कोणी बदलत नाही, तसेच हे.

या नियमाची दुसरी बाजू काकाकुव्याच्या एका उदाहरणाने उघड होते. काकाकुवा हा मराठी शब्द मुळात मलाय भाषेतील ‘काकातुआ’. हा तुरेवाला पांढरा पक्षी बंगळूर-मुंबईच्या हौशी घरांतून दिसत असला, तरी आशियाच्या मुख्य भूमीवर तो मूळचा कोठेही नाही. त्याचा मुलूख इंडोनेशियाची पूर्वेकडील बेटे, न्यू गिनी, ऑस्ट्रेलिया, सॉलोमन बेटे, आणि योगायोग असा की, फिलिपाइन्सही. त्यांपैकी इंडोनेशियाच्या तनिंबार बेटांवरील एका काकाकुव्याला १८६३ साली फिन्श याने दिलेले गॉफिनचे नाव चालत आले होते. परंतु ज्या नमुन्यांवरून ते नाव दिले होते ते पुन्हा तपासले असता तनिंबारचे नव्हतेच, सॉलोमन बेटांवरील निराळ्याच जातीचे होते, असे आढळून आले. तेव्हा २००४ मध्ये तनिंबारच्या पक्ष्याला नवे नाव द्यावे लागले. मात्र गॉफिनची आठवण त्यातही राखली गेली. सारांश, चुकीचा पत्ता शास्त्र खपवून घेते. चुकीचा पक्षी खपवून घेत नाही. नावाला बांधलेला असतो तो पक्षी, त्याचा पत्ता नव्हे.

पत्ता मग शोधावा लागतो तो नावाबाहेर, प्रत्यक्ष रानात. आपल्या उपखंडातील दोन उपजातींपैकी उत्तरेकडील उपजातीला नॉयमान याने १९१५ मध्ये बोरिआलिस, म्हणजे ‘उत्तरेकडची’, असे नाव दिले. पाकिस्तानापासून उत्तर भारत व नेपाळमार्गे म्यानमारपर्यंत तिचा विस्तार आहे. मनिलेन्सिस राहते ती दक्षिणेच्या द्वीपकल्पात आणि श्रीलंकेत. दोहोंमधील सीमा साधारणपणे विसाव्या अक्षांशाच्या आसपास मानतात. बंगळूर तेराव्या अक्षांशाजवळ असल्याने तेथे शंकेला जागा नाही. ही रेषा मराठी मुलखातून मात्र मधोमध जाते. नाशिक आणि चंद्रपूर जवळजवळ तिच्यावरच वसलेली आहेत. पुण्याचा व कोल्हापूरचा राघू दक्षिणी, तर जळगावचा आणि नागपूरचा उत्तरेकडचा. अर्थात पक्ष्यांच्या राज्यात जकातनाके नसतात. सीमेच्या अलीकडे-पलीकडे बऱ्याच अंतरापर्यंत दोन्ही लक्षणांची सरमिसळ असणार, हे गृहीतच धरले पाहिजे.

दोघांना ओळखण्याची सर्वांत सोपी खूण चोचीत आहे. उत्तरेकडील पक्ष्याची चोच वरखाली दोन्ही बाजूंनी लाल असते. दक्षिणेकडील पक्ष्याची वरची चोच लाल, पण खालची काळसर. नराच्या गळ्यातील काळागुलाबी कंठ दोघांतही असतो आणि माद्यांना तो नसतो, त्यामुळे कंठावरून काही ठरत नाही. पिंजऱ्यातला पोपट पाहताना लोक सहसा कंठ पाहतात, खालच्या चोचीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

हल्ली शास्त्रज्ञांना चोचीपेक्षाही बारकी साक्ष मिळू लागली आहे. लंडन, ब्रुसेल्स आदी युरोपीय शहरांत हे पोपट आता हजारोंच्या संख्येने राहतात; ते पिंजऱ्यांतून सुटलेल्यांचे वंशज. त्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना पक्षिसंग्रहांतील जुन्या नमुन्यांशी करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले, की त्यांचे पूर्वज बहुतांशी पाकिस्तान व उत्तर भारत येथील होते. थंडी सोसलेल्या मुलखातला पक्षीच थंड देशात तगला. जुन्या नमुन्यांना बांधलेल्या चिठ्ठ्यांवर गावांची खरी नावे लिहून ठेवलेली होती, म्हणूनच हे कळू शकले. दुसऱ्या एका संशोधनाने २०१९ मध्ये सिटॅक्युला ही प्रजातीच मोडून या पोपटाला अलेक्झांड्रिनस या प्रजातीत घालावे असे सुचविले. पहिला शब्द बदलला तरी तिसरा आहे तेथेच राहणार, हे सांगावयास नकोच.

खऱ्या पत्त्याला आज जो धोका आहे तो पुन्हा पिंजऱ्याकडूनच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपटांना संरक्षण मिळाले आणि १९९१ नंतर त्यांचा व्यापार बंद झाला. परदेशी काकाकुवे तेव्हा या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आल्यावर ते बाळगणाऱ्यांवरही नोंदणीचे बंधन आले. त्यामुळे पिंजऱ्यातला पक्षी कोणत्या जातीचा आणि कोणत्या देशाचा, या प्रश्नाच्या उत्तरावर माणसाला शिक्षा व्हावयाची की केवळ कागद करावयाचे, हे ठरते. तरीही झाडांच्या ढोलींतून देशी पोपटांची पिले काढून चोरून विकणे थांबलेले नाही. अशी पिले पकडली गेली म्हणजे ती वाढवून मोकळी सोडणे हे दयेचे काम खरेच. पण ती कोठे सोडावयाची? उत्तरेतून आलेला खोका बंगळूरला पकडला आणि पक्षी तेथेच एखाद्या बागेत सोडले, तर दोन मुलखांचे जे वेगळेपण हजारो वर्षांत घडले ते काही वर्षांत पुसट होऊ लागेल. दोनशे वर्षांपूर्वी व्यापाराने कागदावरचा पत्ता चुकविला. आता तो रानातलाच पत्ता चुकवू शकतो, आणि ही चूक नियमांच्या आधाराने सांभाळून घेता येण्याजोगी नाही.

निवाडा करणाऱ्यांची अडचण अशी, की पिलाच्या चोचीला प्रौढ पक्ष्याचा रंग चढलेला नसतो. पाहणाऱ्याला ते नुसते एक हिरवे, भुकेलेले तोंड दिसते. चोच रंगेपर्यंत त्याला जपावे लागते, खालची बाजू लाल होते की काळसर, याची वाट पाहावी लागते, आणि मगच त्याला दख्खनच्या पठारावर सोडावयाचे की विंध्याच्या पलीकडे न्यावयाचे, हे ठरविता येते.