धुक्यातून चालताना : भाग ९
काळी छत्री आणि दोन गमबूट

आज गतिरोधकांची पाळी होती, पण ते राहू देत. भिलारहून एका वाचक ताईंनी विचारलंय, "लेकीला काळी छत्री देते, ते चुकतंय का? पिवळा रेनकोट घेऊ?" माझ्या आवडीचा प्रश्न. त्याचं उत्तर दिवसा एक आणि संध्याकाळी दुसरंच.

आषाढात सकाळी दहालाही टेबललँड सापडत नाही. हजार मीटरच्या आतलंच दिसू लागलं की हवामानशास्त्र त्याला धुकं म्हणतं. पाचगणीत वीस पावलं दिसली तरी पुष्कळ. हा दिवसाचा पडदा पांढरा. त्यात पांढरा शर्ट विरघळतो, काळी छत्री उठून दिसते. दृश्यता मोजण्याचं गणितही काळी वस्तू किती लांबून ओळखू येते, यावरच बांधलेलं आहे. तेव्हा ताई, दिवसा तुमची छत्री निर्दोष.

दिवेलागणीला पडदाच काळा होतो. हेडलाइटचा उजेड धुक्याच्या थेंबांवरून परत ड्रायव्हरच्याच डोळ्यांत शिरतो; अप्पर मारला तर समोर नुसती भिंत. चालणाऱ्याला मात्र दोन दिवे येताना दिसतात आणि तो धरून चालतो, की मला गाडी दिसली म्हणजे गाडीवाल्याला मी दिसलो. पसरणी घाटाच्या माथ्यावर मीही तेच धरलं होतं. जीप कोपराला वारा देऊन गेली, पुढे थांबली. मी शिवी तयार ठेवली होती. ड्रायव्हर उतरून म्हणाला, "काका, खरंच दिसला नाहीत." त्याचे हात थरथरत होते. शिवी गिळली.

ताशी ४० च्या वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडेस्तोवर दीड सेकंद, म्हणजे १७ मीटर. ओल्या डांबरावर थांबायला आणखी पंधराएक. काळ्या कपड्यातला माणूस डिपरमध्ये कोरड्या रात्रीही जेमतेम इतक्याच अंतरावरून दिसतो.

पिवळा रेनकोट? तो झगझगीत रंग सूर्याच्या अतिनील किरणांवर जगतो. अंधारात नुसता फिका कपडा. रात्री हवी ती उजेड आला तिकडेच परत पाठवणारी पट्टी. गळीत हंगामात उसाच्या गाडीला मागे चिकटवतात, तीच. फिनलंडमध्ये आर्वी लेहती या प्लास्टिकवाल्याने असे रिफ्लेक्टर आधी घोडागाड्यांसाठी केले. मग ते माणसांच्या कोटाला लटकले. दाट धुक्यात पट्टीही लंगडी पडते, पण काहीच नसण्यापेक्षा लाख पटीने बरी.

आणि ती छत्रीला नको, गमबुटांना लावा. डिपरचा उजेड खालीच पडतो. शिवाय दोन पट्ट्या आळीपाळीने हलल्या, की हा दगड नाही, माणूस चालतोय, हे ड्रायव्हरला पटकन उमजतं. एका बुटाला हातभर पुरते. बूट कोरडा पुसून चिकटवा, नाहीतर पहिल्याच सरीत निघेल.

रस्त्याच्या कोणत्या कडेने चालायचं, हे राहिलंच. पुढच्या वेळी, गतिरोधकांबरोबर. मध्येच सुरूर-वाई रस्त्यावरच्या वडांचे गेरू-चुन्याचे पट्टे आठवले नाहीत तर.