टिटॅनियम मिश्रधातूवरील संस्कार आणि कृत्रिम खुब्याचा टिकाऊपणा

शरीरात बसवावयाचा धातू निवडताना विद्यार्थ्याचे लक्ष प्रथम त्याच्या रासायनिक घटनेकडे जाते, आणि ते स्वाभाविकच आहे. धातू गंजू नये, हाडाने त्याचा स्वीकार करावा, ह्या गोष्टी घटनेवर व पृष्ठभागावरील ऑक्साइडाच्या पातळ थरावर अवलंबून असतात. परंतु बसविलेला भाग मोडेल की टिकेल, ह्याचे उत्तर केवळ घटनेत मिळत नाही. ते त्यावर झालेल्या संस्कारांच्या इतिहासात शोधावे लागते. कृत्रिम खुब्याच्या दांड्यासाठी रूढ असलेल्या, ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियमयुक्त टिटॅनियम मिश्रधातूच्या आधारे हे येथे स्पष्ट करावयाचे आहे.

चालताना खुब्यावर शरीरभाराच्या सुमारे तिप्पट भार येतो. चालताफिरता मनुष्य एका पायाने वर्षाकाठी सुमारे १० लक्ष पावले टाकतो, म्हणजे १० वर्षांत दांड्यावर एक कोटी वेळा भार पडतो व उतरतो. एका भाराने न मोडणारा धातू अशा आवर्तनांनी मोडू शकतो. ह्यालाच श्रांती म्हणतात, आणि दांड्याच्या बाबतीत खरी कसोटी तीच होय.

हा मिश्रधातू सामान्य तपमानास दोन प्रावस्थांचा असतो: षट्कोणी रचनेची अल्फा आणि घनीय रचनेची बीटा. सुमारे ९९५° से.च्या वर अल्फा नाहीशी होते. ऑक्सिजन कमी ठेवलेल्या वैद्यकीय प्रतीत ही मर्यादा थोडी खाली असते. मर्यादेपलीकडे तापविल्यास बीटाचे कण भराभर वाढतात आणि सावकाश निवताना त्यांत अल्फाच्या समांतर पट्ट्यांची जुडगी तयार होतात. एका जुडग्यातील पट्ट्यांची स्फटिकदिशा एकच असल्यामुळे घसरण फारशा अडथळ्याविना दूरवर पसरते व तडा लवकर जन्मास येतो. उलटपक्षी मर्यादेच्या खाली, सुमारे ९५०° से.ला, धातूची घडाई करून नंतर अनुशीतन केले, तर पट्ट्या तुटून अल्फाचे बारीक, गोलसर कण बनतात. अशा रचनेत तडा जन्मण्यास पुष्कळ अधिक आवर्तने लागतात.

येथे एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावयास हवी. पोलादाच्या अभ्यासातून आलेल्या वाचकास असे वाटेल की, बिघडलेली रचना पुन्हा तापवून सुधारता येईल. टिटॅनियमच्या बाबतीत तसे घडत नाही. पट्ट्या गोल होण्यास आधी त्यांचे विरूपण झाले पाहिजे. केवळ उष्णतेने ते साधत नाही. तयार दांडा पुन्हा घणाखाली घालता येत नाही, म्हणून शेवटच्या टप्प्यावर मर्यादा ओलांडली तर झालेली हानी कायमची ठरते.

पट्ट्यांची रचना सर्वस्वी वाईट असेही नव्हे. जन्मलेला तडा तीत वाकडातिकडा वळत सावकाश वाढतो, आणि विमानाच्या भागांत ह्या गुणाला मोल आहे, कारण तेथे ठरावीक काळाने तपासणी होते. मांडीच्या हाडातील दांड्याची अशी तपासणी कोण करणार? तेथे तडा जन्मूच नये हे श्रेयस्कर. ह्याच कारणास्तव शल्यरोपणांच्या आंतरराष्ट्रीय मानकांत घटना व ताणबल ह्यांच्या जोडीला सूक्ष्मरचनेचेही बंधन घातलेले आहे, आणि २००६ साली निघालेल्या आयएसओ २०१६० ह्या मानकात तुलनेसाठी सूक्ष्मदर्शकाखालील रचनांची छायाचित्रेच दिली आहेत.

तथापि शल्यवैद्याची गरज नेमकी ह्याच्या आड येते. हाड आत वाढावे म्हणून दांड्यावर टिटॅनियमच्या बारीक मण्यांचा सच्छिद्र थर बसवितात, आणि मणी घट्ट चिकटण्यासाठी सर्व दांडा १२५०° से.च्या आसपास तापवावा लागतो. घडाईने मिळविलेली रचना त्यात नष्ट होते. शिवाय मणी जेथे चिकटतो तेथे खाचेसारखे प्रतिबलाचे केंद्र बनते. दोहोंच्या परिणामाने श्रांतिबल मूळच्या सुमारे एकतृतीयांशावर येते, व त्यात खाचेचा वाटा मोठा असतो. म्हणून हा थर जेथे ताण मोठा पडतो ते भाग वगळून देतात, किंवा प्लाझ्माच्या झोताने धातूचा फवारा मारतात. फवाऱ्यात आतील धातू फारसा तापत नाही, पण पृष्ठभागाचा खडबडीतपणा उरतोच.

पृष्ठभागाविषयी आणखी थोडे. तप्त टिटॅनियम हवेतील ऑक्सिजन शोषून कठीण व ठिसूळ कवच धारण करते. ते यंत्राने किंवा हायड्रोफ्लुओरिक व नायट्रिक आम्लांच्या मिश्रणाने काढून टाकणे अपरिहार्य असते. दांड्याच्या मानेवर कोरलेल्या अनुक्रमांकापासून तडा सुरू होऊन तो भंगल्याची उदाहरणेही वैद्यकीय वाङ्मयात आहेत. एवढ्या क्षुल्लक ओरखड्याने, हे नवशिक्यास खरे वाटत नाही.

अलीकडे भुकटीचे थर लेसर किंवा इलेक्ट्रॉन झोताने वितळवून भाग तयार करतात. भरीव गाभा व सच्छिद्र पृष्ठ त्यात एकाच वेळी साधतात, पण घडाईचा टप्पा अजिबात नसतो. लेसरच्या पद्धतीत धातू अतिजलद निवून मार्टेन्साइट बनते. बळ वाढते, तन्यता घटते. पुढे सुमारे ९२०° से.ला सर्व बाजूंनी वायूचा दाब देऊन आतील पोकळ्या मिटवितात. पृष्ठभागाशी उघडलेल्या पोकळ्या मात्र ह्या दाबाने मिटत नाहीत, आणि तडा बहुधा तेथूनच निघतो.